नसलेले खड्डे

"पळू नकोस गं, पडशील!"

आईचा आवाज. आई जाऊन कितीतरी वर्षं झाली, पण शर्यतीच्या रेषेवर उभं राहिलं की तो हटकून येतोच. खिडकीतून यायचा तसा, अर्धा रागाचा, अर्धा काळजीचा. तो पुरता विरायच्या आत दादाने तिच्या मनगटात पट्ट्याचं कडं सरकवलं, बोटाने चाचपून पाहिलं आणि दुसरं कडं स्वतःच्या मनगटात अडकवलं.

"घट्ट होत नाही ना?"

"नाही."

"सैल?"

"दादा, तू शिंपी आहेस. तुझं माप चुकलं तर दुकान बंद कर."

आजूबाजूला हशा पिकला. क्लबची मंडळी जवळच होती. अंगाला चोळलेल्या तेलाचा वास, नव्या बुटांची करकर, कुणीतरी जागच्या जागी उड्या मारत होतं. ती जन्मापासून आंधळी, दादा तिच्याहून बारा वर्षांनी मोठा. हातभर लांबीचा तो पट्टा त्याने पँटीच्या उरलेल्या कापडातून स्वतः शिवला होता, दुहेरी टीप घालून. दर रविवारी दोघं त्या पट्ट्याच्या दोन टोकांना असायची. तो अर्धं पाऊल पुढे, ती अर्धं पाऊल मागे.

"वीजबाई, आज कडाडणार का?" पोस्टमनने विचारलं. निवृत्त झाला तरी क्लबात तो पोस्टमनच होता. तिला वीजबाई हे नाव त्यानेच दिलं होतं, कारण ती वीज कंपनीच्या तक्रारींच्या फोनवर बसायची. दिवसभर लोक तिला अंधाराचं वर्णन करून सांगायचे. "अहो बाई, इथे डोळ्यांत बोट घातलं तरी दिसत नाही, तुम्हाला काय कळणार!" असं कुणी ओरडलं की ती गालातल्या गालात हसायची आणि शांतपणे म्हणायची, "आपली गैरसोय झाली, क्षमा करा. माणूस निघालाय."

दिवसभर क्षमा मागून मागून तिच्या जिभेला तशी सवयच लागली होती. राग आला की आधी क्षमाच बाहेर यायची.

"सांगितलंस?" कानाजवळ हलकेच आवाज आला. डॉक्टरीण. दातांची डॉक्टर, क्लबातली सगळ्यात चपळ.

"सांगते."

"अगं, कधी? पलीकडची रेषा ओलांडल्यावर?"

डॉक्टरणीच्या कमरेच्या पिशवीत गाइडचं नारिंगी जाकीट घडी घालून ठेवलेलं होतं. दुसरी गाइड म्हणून तिने आपलं नाव आधीच दिलं होतं. नियम असा की गाइड बदलायचा तर फक्त पाण्याच्या टेबलापाशी, आणि तेही पळणाऱ्याने स्वतः सांगितलं तरच. एकवीस किलोमीटरच्या वाटेवर टेबलं तीन. पहिल्या टेबलापाशी सांगेन, असं ती कालपर्यंत म्हणत होती. दादाला यातलं काहीच माहीत नव्हतं.

शिट्टी झाली. हजार पावलं एकदम रस्त्यावर पडली आणि पट्टा पुढे ओढला गेला.

*

दादानेच तिला पळायला शिकवलं होतं. शाळेमागच्या मोकळ्या मैदानात, हातरुमालाचं एक टोक त्याच्या मुठीत, एक तिच्या. खिडकीतून आई ओरडायची आणि दादा तिकडे न बघता म्हणायचा, "पडली तर पडली, उचलायला मी आहे." ती पडायची. गुडघे फुटायचे. दादा थुंकी लावून गुडघा पुसायचा आणि म्हणायचा, "चल, अजून एकदा." वाऱ्याला तोंड असतं, तो गालाला येऊन लागतो, हे तिला तेव्हा कळलं. चालणाऱ्याला तो नुसता शिवून जातो. पळणाऱ्याशी बोलतो.

अशा माणसाला काय सांगायचं, आणि कोणत्या तोंडाने?

पण सांगायचं तर होतंच. कारण गेल्या दोन वर्षांत एकाही शर्यतीत ती दमली नव्हती. शेवटची रेषा यायची, टाळ्या वाजायच्या, दादा गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकायचा, आणि ती त्याच्या शेजारी उभी असायची, छातीत भरपूर श्वास शिल्लक घेऊन. भरल्या ताटावरून उठवल्यासारखी. रात्री अंथरुणात पाय शिवशिवायचे, जणू दिवसभर दावणीला बांधून ठेवले होते. आपण किती पळू शकतो, हे तिला ठाऊकच नव्हतं. वय चाळिशीला टेकलं होतं. एकदा, फक्त एकदा, छातीतला शेवटचा श्वास खर्ची पडेपर्यंत पळायचं होतं. मग कितीही वेळ लागो, नंबर येवो न येवो.

"डावीकडे वळण," दादा म्हणाला. "हं, सरळ."

पहिले दोन-तीन किलोमीटर तो छान पळायचा. पट्टा मधोमध सैल झुलायचा, दोघांची पावलं एका ठेक्यात पडायची. ठप ठप, ठप ठप. भाजलेल्या पावाचा वास आला आणि गेला. कुणाच्या तरी गच्चीवर कपडे झटकल्याचा आवाज. मागून पोस्टमनचं गाणं सुरू झालं होतं. धावताना तो स्वतःच जुळवून म्हणायचा,

"चढ आला, चढ आला, घाबरतो कोण?
पाय माझे दोन आणि घरं शंभर दोन!"

"पोस्टमन, दम वाचवा," डॉक्टरीण ओरडली.

"अहो, उन्हातान्हात घरोघर फिरलोय मी, दम कुणाकडे मागायला जात नाही!"

मग पेट्रोल पंपाचा वास आला, आणि त्याचबरोबर दादाच्या श्वासात ती बारीकशी शीळ मिसळली. तिने मनातल्या मनात म्हटलं, आता.

"खड्डा," दादा म्हणाला. "सावकाश. मोठा आहे."

पट्टा मागे ओढला गेला. ती सावकाश झाली. चार पावलं चालीवर आली. दादाने तेवढ्यात दोन-तीन लांब श्वास घेतले. मग, "हं, गेला. चल."

खड्डा नव्हता.

खरा खड्डा कसा असतो हे तिला माहीत होतं. खऱ्या खड्ड्यापाशी पट्टा आधी बाजूला ओढला जातो, दादाचं पाऊल तिरकं पडतं, मग आवाज येतो. आजूबाजूच्यांची पावलंही फुटतात, काही इकडे काही तिकडे, पाण्यात दगड टाकल्यासारखी. आणि खोट्या खड्ड्यापाशी पट्टा फक्त मागे ओढला जातो. बाकी सगळ्यांची पावलं सरळ जातात. त्या खड्ड्यावरून, त्या खड्ड्यातून, ठप ठप, ठप ठप.

पहिल्यांदा तिने विश्वास ठेवला होता. दुसऱ्यांदाही. गेल्या हिवाळ्यात एका रविवारी तिने मुद्दाम पाय लांब टाकून तो खड्डा शोधला, तर पायाखाली ताटासारखं गुळगुळीत डांबर लागलं. त्या दिवशी घरी येऊन ती कितीतरी वेळ बूट न काढता बसून राहिली होती.

*

पहिलं टेबल आलं. पेल्यांचा खडखडाट, सांडलेलं पाणी, कुणीतरी "शाब्बास, शाब्बास" म्हणत होतं. दादाने तिच्या हातात पेला दिला.

"दादा—"

"आधी पी. एकदम गटागट नको."

ती प्यायली. डॉक्टरीण उजव्या बाजूला येऊन उभी राहिल्याचं तिला जाणवलं. निलगिरीच्या मलमाचा वास तिच्या अंगाला असायचाच.

"काय म्हणत होतीस?" दादाने विचारलं.

परवा संध्याकाळी वहिनीचा फोन आला होता. वहिनी म्हणाली होती, "रविवारचे बूट शुक्रवारीच पुसून ठेवतात गं. आठवडाभर मशीनवर वाकलेले असतात, मानेचं पार धनुष्य झालंय. पण रविवार म्हटलं की ताठ. तू आहेस म्हणून जातात. एरवी घरातून हलायचे नाहीत." वहिनीने हे कौतुकाने सांगितलं होतं. तिला ते गळ्यात धोंडा अडकवल्यासारखं वाटलं होतं.

"काही नाही," ती म्हणाली. "पाणी गार आहे."

उजवीकडून एक निःश्वास आला. डॉक्टरीण पुढे निघून गेली नाही, एवढंच. ती मनात आणती तर आतापर्यंत अर्धी वाट संपवून बसली असती. डॉक्टरीण इथे रेंगाळत होती ती आपल्यासाठी, या विचारानेही तिला चीड आली. सगळेच कुणा ना कुणासाठी थांबलेले. कुणीच पळत नव्हतं.

पुढे पूल लागला. खालून पाण्याचा गारवा वर आला. पट्टा झटकन डावीकडे ओढला गेला.

"खड्डा!"

हा खरा होता. मागच्यांची पावलं फुटली, कुणीतरी ठेचकाळून "आई गं" म्हणालं. दादाने तिला अलगद काढलं, एका बोटाच्या इशाऱ्याने, जुन्या सफाईने. तिला वाटलं, हाच तो. हाच माझा दादा. आणि पूल संपता संपता पुन्हा ती बारीक शीळ.

"खड्डा आहे गं. सावकाश."

पट्टा मागे. फक्त मागे. डॉक्टरणीची पावलं उजवीकडून सरळ, बिनघोर. ती या वेळी सावकाश झाली नाही. पट्टा ताणला गेला, दादाचा हात पुढे खेचला गेला.

"अगं, खड्डा म्हटलं ना!"

"मला नाही लागला."

 मागून पोस्टमनचा आवाज आला, जरा जास्तच मोठा.

"अरे बापरे! वीजबाई, दादा म्हणतात ते खरं आहे हं. खड्डा कसला, विहीर आहे विहीर! जपून!"

कुणीतरी हसू दाबलं. कुणीतरी म्हणालं, "हो हो, मोठाच आहे."

तिचे कान तापले. म्हणजे यांना माहीत होतं. सगळ्यांना. दर रविवारी हे सगळे डोळसपणे बघत होते. रिकामा रस्ता, थांबणारा दादा, थांबणारी ती. थकलेल्या माणसाचा आब राहावा म्हणून सगळ्यांनी मिळून रस्त्यात खड्डे खणले होते, आणि त्या खड्ड्यांत पाय तेवढे तिचे अडकवले होते. तिला कुणी विचारलं होतं?

ती सावकाश झाली. चार पावलं. दादाचे तीन श्वास.

"हं, गेला," दादा म्हणाला. आवाज जरा उतरलेला होता. "चल."

*

दुसऱ्या टेबलापाशी तिने ठरवलं होतं की पेला हातात घ्यायच्या आतच सांगायचं. जिभेवर वाक्य आणून ठेवलं होतं. पण तिथे दादाला कुणीतरी ओळखीचा भेटला. दुकानातलं गिऱ्हाईक असावं.

"वा, शिंपीदादा! या वयात! आम्हाला वाटलं तुम्ही केव्हाच पुढे गेला असाल."

"मी एकटा असतो तर गेलोच असतो हो," दादा हसत म्हणाला. धाप लागलेलीच होती, ती त्याने हसण्यात गुंडाळली. "हिला सांभाळून न्यावं लागतं ना. हिला झेपेल तेवढंच पळतो आम्ही."

"भाऊ असावा तर असा," तो माणूस म्हणाला. मग तिच्याशी, मोठ्या आवाजात, जणू ती बहिरीही आहे, "नशीबवान आहात हं ताई!"

तिच्या हातातला प्लास्टिकचा पेला चेपला. पाणी कोपरापर्यंत ओघळलं.

हिला झेपेल तेवढंच. हिला झेपेल तेवढंच. पुढचा सगळा रस्ता पावलं तेवढंच म्हणत राहिली.  फोनवर एखाद्याने शिव्या दिल्या की जसा आवाज पार सपाट करायची, तसा तिने श्वास सपाट केला. तो आत घेतला काय आणि बाहेर सोडला काय, काही फरकच पडत नव्हता. एवढ्या पळण्यात तिचं ऊर भरूनसुद्धा आलं नव्हतं. जे भरून आलं होतं ते वेगळं होतं, आणि ते पळून उतरणारं नव्हतं.

"गप्प का गं, बारके?" दादाने विचारलं. चाळिशीतही ती त्याला बारकीच होती. "दमलीस?"

ती हसली की काय, तिचं तिलाच कळलं नाही. नाकातून एक आवाज निघाला.

"नाही."

"दमलीस तर सांग. आपल्याला कुणाची घाई नाही."

मग चढ लागला. लांबलचक, कुठे संपतो ते कळू नये असा. ऊन डोक्यावर आलं होतं. आजूबाजूची पावलं जड झाली, बोलणी थांबली, पोस्टमनचं गाणंसुद्धा ओळीच्या मध्येच सुटून गेलं. दादाचा श्वास आता शीळ राहिला नव्हता. जुनं मशीन सुतात अडकल्यावर करतं तसा तो खरखरत होता. पट्ट्यातून त्याच्या हाताचा कंप तिच्यापर्यंत येत होता. तिच्या पोटऱ्यांना मात्र चढ आवडला होता. पहिल्यांदाच त्यांना कुणीतरी काहीतरी विचारलं होतं. त्या उत्तर द्यायला निघाल्याच होत्या.

"खड्डा," दादा म्हणाला.

तिने दात आवळले. आता नाही. आता नाही ऐकायचं. पण पाय थांबले. वर्षानुवर्षांची सवय होती ती. त्या आवाजाने म्हटलं की थांबायचं, नाहीतर गुडघे फुटतात. रागाने तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते घामासारखं दिसत असेल याचाही तिला राग आला.

चार पावलं झाली. पाच झाली. दादा "गेला" म्हणाला नाही. सगळ्यांची पावलं दोन्ही बाजूंनी सरळ पुढे जात राहिली. ती दोघं चालत होती.

कुठूनतरी पेल्यांचा खडखडाट ऐकू आला. चढाच्या माथ्यावरचं टेबल. शेवटचं.

*

दादा पाणी प्यायला. दुसरा पेला डोक्यावर ओतला. शिंतोडे तिच्या दंडावर उडाले. मग तो काहीतरी लाकडी होतं त्यावर टेकला. बाक किंवा खोकं असावं. पट्ट्यामुळे तिलाही जरा वाकावं लागलं.

"बारके."

"हं."

"मघाशी खड्डा नव्हता."

 टेबलापाशी उभ्या असलेल्या पोस्टमनला एकदम खोकला आला.

"माहीत आहे," ती म्हणाली.

"आणि तो पेट्रोल पंपाजवळचा—"

"तोही नव्हता."

"पुलावरचा खरा होता हं," दादा घाईघाईने म्हणाला.

"हो. पुलावरचा खरा होता."

दादा हसला. आधी नुसता श्वास, मग खांदे हलवत, मग अगदी मनापासून. बऱ्याच दिवसांनी तिने त्याचं असं हसू ऐकलं.

"आणि मी मूर्ख समजतोय की आपण किती हुशार. कधीपासून कळलं तुला?"

"गेल्या हिवाळ्यात."

"मग बोलली का नाहीस गं? माणूस एवढी लबाडी करतोय आणि तू आपली मुकाट्याने थांबतेयस!"

 महिनोन् महिने तिने वाक्यं तयार केली होती, ती सगळी लपवाछपवी करणाऱ्या दादासाठी होती. या दादासाठी तिच्याकडे एकही नव्हतं. आणि मनातल्या मनात ती पुन्हा चिडली. बोलायचं होतं तिने, आणि तेही आधी त्यानेच बोलून टाकलं.

"बरं झालं," दादा म्हणाला. "बरं झालं, निघालं एकदाचं. ते पोटात ठेवून ठेवूनच धाप लागत होती बघ मला. आता कसं हलकं वाटतंय." त्याने ओला हात तिच्या डोक्यावर ठेवला, लहानपणी ठेवायचा तसा, आणि तो तिथेच राहू दिला. "आता नाही म्हणणार. शेवटपर्यंत एकही खड्डा नाही, शब्द दिला. तुला पाहिजे तसं पळ. मी येतो मरतमरत. आपण दोघं बरोबर सुरू केलं, बरोबरच संपवू. काय?"

तो बूट बांधायला वाकला. नाडी ओढताना त्याला धाप लागली. ती त्याने या वेळी लपवली नाही. डोक्यावरून गेलेल्या हाताचा गारवा तिच्या केसांत तसाच होता. रस्ता पुढे उताराला लागत असणार. पावलांचे आवाज मोकळे होऊन तिकडे घरंगळत जात होते, एकामागून एक, आणि तिचे पाय जागच्या जागी हलू लागले होते.

उजवीकडे कमरेच्या पिशवीची चेन अर्धवट उघडल्याचा आवाज झाला. मग तो थांबला.  

"हं, झालं," दादा उठत म्हणाला. त्याने मनगटातलं कडं नीट केलं. "चल, बारके. निघायचं?"

तिने श्वास घेतला. भरपूर होता.

"दादा," ती म्हणाली, "तू नको येऊस. पट्टा डॉक्टरणीच्या हातात दे."